मानेच्या मणक्यांचे चुंबकीय प्रतिमादर्शन व शस्त्रक्रियेचा निर्णय : ऐतिहासिक आढावा

मानेतील मणके (कशेरुक), त्यांच्यामधील चकत्या, मेरुरज्जू आणि त्यातून हातांकडे जाणाऱ्या तंत्रिका (नसा) यांचे चित्र प्रबळ चुंबकीय क्षेत्र व रेडिओ तरंग यांच्या साहाय्याने मिळविण्याच्या तपासणीस मानेचे चुंबकीय प्रतिमादर्शन म्हणतात. व्यवहारात ती ‘एमआरआय’ या नावानेच परिचित आहे. या तपासणीने शरीर न उघडता मेरुरज्जू प्रत्यक्ष पाहता येतो. मात्र चित्रात दिसलेला प्रत्येक बदल हा रोग असतोच असे नाही, आणि प्रत्येक रोगाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. हा विवेक वैद्यकाने सु. शंभर वर्षांच्या अनुभवातून संपादन केला. प्रस्तुत नोंदीत त्या अनुभवाचा इतिहास सांगितला असून, पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांसारख्या कष्टकरी वस्तीच्या प्रदेशात त्याचा कसा उपयोग होतो, याचेही विवेचन केले आहे.

शारीर : मानेत सात मणके असतात. पहिला (शिरोधर) व दुसरा (अक्ष) यांच्यामध्ये चकती नसते. त्यांच्या सांध्यामुळे डोके डावीउजवीकडे वळते. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच लोक ‘गादी’ म्हणतात. चकतीचा मध्यभाग मऊ व जलयुक्त, तर कडेचे कडे तंतुमय व चिवट असते. मणक्यांच्या मागील बाजूच्या कमानी एकावर एक येऊन जी नलिका तयार होते, तीतून मेरुरज्जू खाली उतरतो. मानेच्या मध्य व खालच्या भागात या नलिकेची पुढून मागे रुंदी प्रौढ माणसात सरासरी सु. १७ मिमी. असते, ती १३ मिमी.पेक्षा कमी असल्यास नलिका जन्मतः अरुंद मानतात. दोन मणक्यांमधील बाजूच्या छिद्रांतून तंत्रिकांच्या एकूण आठ जोड्या बाहेर पडतात व त्यांपैकी खालच्या जोड्या खांदा, बाहू व पंजा यांना चेतना पुरवितात.

यावरून दाबाचे दोन प्रकार स्पष्ट होतात. बाजूच्या छिद्रात एखादी तंत्रिका दाबली गेली, तर एका हातात कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा विशिष्ट स्नायूंचा अशक्तपणा जाणवतो. मध्यभागी मेरुरज्जूच दाबला गेला, तर हातांचे बारीक काम बिघडते, चाल अडखळते, पाय ताठ होतात व पुढे लघवीवरील ताबा कमी होतो. पहिल्या प्रकारात वेदना पुष्कळ व धोका तुलनेने थोडा असतो. दुसऱ्यात वेदना अनेकदा अगदी थोडी, पण धोका मोठा असतो. शस्त्रक्रियेविषयीचा सर्व विचार या भेदाभोवती फिरतो.

प्राचीन काळ : मानेच्या दुखापतीविषयीचा सर्वांत जुना उपलब्ध लेख ईजिप्तमधील असून तो एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखला जातो (इ. स. पू. सु. १६००). त्यातील एका प्रकरणात मानेचा मणका सरकलेल्या मनुष्याला आपल्या हातापायांची जाणीव उरत नाही, असे वर्णन आहे. प्रत्येक रुग्णाविषयी वैद्याने तीनपैकी एक निर्णय द्यावा, अशी या लेखाची पद्धत आहे : हा विकार मी बरा करीन; याच्याशी मी झगडेन; यावर उपचार करू नये. मान निखळून हातपाय गेलेल्या रुग्णास तिसरा निर्णय दिलेला आहे. उपचार करावा की करू नये, हा प्रश्न उपचारपद्धतींइतकाच जुना असल्याचे यावरून दिसते.

भारतीय वैद्यकात सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात मन्यास्तंभ (मान आखडणे), अवबाहुक (खांदा व बाहू यांची हालचाल मंदावणे) आणि विश्वाची (बाहूपासून बोटांपर्यंत पसरणारी पीडा) यांचा उल्लेख येतो. विश्वाचीचे वर्णन आजच्या तंत्रिकादाबाशी पुष्कळसे जुळते. स्वेदन, अभ्यंग व विश्रांती यांवर भर देणारी ही परंपरा आणि तिच्या जोडीला गावोगावचे हाडवैद्य हाच दीर्घकाळ ग्रामीण महाराष्ट्राचा आधार होता. साधी आखडलेली मान बहुधा आपोआप बरी होत असल्याने या उपचारांना यश येत असे. परंतु मेरुरज्जू दाबला गेलेल्या किंवा मणका सरकलेल्या मानेला झटका देणे घातक ठरते, हा भेद बाहेरून ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते.

चित्राविना निदान : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंत्रिका तंत्राच्या परीक्षणाचे शास्त्र तयार झाले. रुग्णाची शक्ती, स्पर्शज्ञान व प्रतिक्षेप तपासून मेरुरज्जूच्या कोणत्या पातळीवर बिघाड आहे, हे सांगता येऊ लागले. लंडन येथे विल्यम गॉवर्झ यांनी केवळ अशा परीक्षणावरून एका रुग्णाच्या मेरुरज्जूवरील अर्बुदाची जागा ठरविली आणि ९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्सली यांनी ते शस्त्रक्रियेने काढले. रुग्ण पुन्हा चालू लागला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर आठ वर्षांनी लागला, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. झोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये वर्णिलेले तळपायाचे चिन्ह आजही मेरुरज्जूवरील दाबाच्या तपासणीत पाहिले जाते. त्यासाठी एखादी बोथट वस्तू पुरते.

क्ष-किरण आणि चकती : व्हिल्हेल्म रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांच्यामुळे मणके दिसू लागले. पण मेरुरज्जू, तंत्रिका व चकती यांची छाया उमटत नसल्याने त्या अदृश्यच राहिल्या. १९२१-२२ मध्ये फ्रान्समध्ये सिकार व फॉरेस्त्ये यांनी मेरुनलिकेत आयोडीनयुक्त तेल सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत काढली. दाबाच्या जागी तेल अडत असे. पद्धत उपयुक्त, परंतु रुग्णाला त्रासदायक होती.

याच काळात मेरुरज्जूवर पुढून दाब आणणाऱ्या कूर्चेच्या गाठी शस्त्रक्रियेत आढळत व त्या अर्बुदेच मानल्या जात. बायरन स्टुकी यांनी १९२८ मध्ये मानेतील अशा रुग्णांचे वर्णन केले. १९३४ मध्ये बॉस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी या गाठी म्हणजे फाटून मागे सरकलेली चकतीच होय, हे दाखविले. यामुळे वैद्यकातील एक कोडे सुटले. पण त्याचबरोबर प्रत्येक दुखण्याचे मूळ चकतीतच शोधण्याची आणि ती काढून टाकण्याची प्रवृत्तीही वाढीस लागली.

तिला पहिला आवर ब्रिटनमध्ये बसला. रसेल ब्रेन, नॉर्थफील्ड व विल्किन्सन यांनी १९५२ मध्ये मानेच्या मणक्यांच्या जीर्णविकाराचे सविस्तर वर्णन केले. एकदम फाटलेली चकती आणि वयपरत्वे झिजलेली चकती व तिच्या कडेने वाढलेले हाड या भिन्न अवस्था आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, पॅलिस, जोन्स व स्पिलेन यांनी पन्नाशी उलटलेल्या व तंत्रिकांची कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या मानेची क्ष-किरण चित्रे तपासली. त्यांपैकी बहुसंख्यांत झीज आढळली. चित्रातील झीज व माणसाचा आजार या दोन भिन्न गोष्टी असल्याचा हा आरंभीचा पुरावा होय.

शस्त्रक्रियेचा विकास : प्रारंभी मानेवरील शस्त्रक्रिया मागील बाजूने, मणक्यांच्या कमानी काढून करीत. पुढील बाजूची चकती त्या मार्गाने काढणे मेरुरज्जूला धोक्याचे असे. १९५० नंतरच्या दशकात स्मिथ व रॉबिन्सन यांनी आणि १९५८ मध्ये राल्फ क्लाउअर्ड यांनी गळ्याच्या पुढील बाजूने जाऊन चकती काढण्याची व त्या जागी हाडाचा तुकडा बसवून दोन मणके सांधण्याची पद्धत प्रचारात आणली. आजही ती सर्वाधिक वापरातील पद्धतींपैकी एक आहे. अनेक पातळ्यांवर दाब असल्यास मागील कमानी पूर्ण न काढता बिजागरीसारख्या उघडून नलिका रुंद करण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली. हिराबायाशी यांनी १९७७ मध्ये तिचा एक प्रकार सुरू केला. मणके न सांधता कृत्रिम चकती बसविण्याची पद्धत त्यानंतरची आहे.

भारतात तंत्रिका शस्त्रक्रियेचा पहिला विभाग जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू केला. १९५० मध्ये मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी काम आरंभिले आणि १९५१ मध्ये भारतीय तंत्रिकाविज्ञान संघटना स्थापन झाली. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची परंपरा होमी दस्तुर यांच्यापासून सुरू झाली. याच रुग्णालयातील अतुल गोयल व व्ही. के. लाहेरी यांनी शिरोधर व अक्ष हे मणके एकमेकांवरून सरकत असल्यास ते पट्टी व स्क्रू यांच्या साहाय्याने स्थिर करण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतील हार्म्स यांनी तीत सळईचा वापर केला व ती आज दोघांच्या नावांनी जगभर ओळखली जाते. या सांध्याच्या जन्मजात विकृती भारतात बऱ्याच आढळत असल्याने महाराष्ट्रात घडलेल्या या कार्याला विशेष महत्त्व आहे.

शस्त्रक्रिया केव्हा टाळावी, याविषयीही भारतीय वैद्यकाने मोलाची भर घातली. मणक्यांच्या क्षयावर औषधे उपलब्ध झाल्यावर सर्वच रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी असा एक पक्ष होता, तर औषधेच पुरेत असा दुसरा. वाराणसी येथील एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्गा’चे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांना औषधे द्यावीत. ज्यांचा पक्षाघात औषधांनी हटत नाही किंवा वाढतो, त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करावी, असा तो मार्ग होय. क्षयापुरती मांडलेली ही भूमिका मानेच्या जीर्णविकाराच्या विचारालाही उपकारक आहे.

चुंबकीय प्रतिमादर्शन : गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संगणकीय छेददर्शनाने (सीटी स्कॅन) १९७१-७२ मध्ये क्ष-किरणांना नवे रूप दिले. हाडाच्या बारकाव्यांसाठी ते उत्तम ठरले. मेरुरज्जू मात्र चुंबकीय पद्धतीनेच नीट दिसू लागला. फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा आविष्कार स्वतंत्रपणे शोधला (नोबेल पारितोषिक, १९५२). रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये निरोगी व रोगट ऊतकांच्या संकेतांतील फरक दाखविला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या संकेतांपासून चित्र बनविले व पीटर मॅन्सफील्ड यांनी ते जलद मिळविण्याचे गणित विकसित केले. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. भारतात हे यंत्र १९८६ मध्ये दिल्ली येथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत बसविण्यात आले. पुढील तीन दशकांत ते महानगरांतून जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावी पोहोचले.

या यंत्रात सामान्यतः १·५ टेस्ला इतके, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सु. तीस हजार पट प्रबळ क्षेत्र असते. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रांना त्यात विशिष्ट दिशा मिळते. रेडिओ तरंगांनी ती विचलित करून पूर्वस्थितीला येताना निघणारे संकेत टिपले जातात. क्ष-किरणांचा वापर होत नाही. टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे दिसते. म्हणून मेरुरज्जूभोवतीचा द्रव पांढरा, निरोगी चकतीचा मध्य उजळ आणि सुकलेली चकती काळी दिसते. हृदयाचा गतिकारक (पेसमेकर), मेंदूतील जुनी धातूची चाप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक असते.

निरोगी माणसांच्या चित्रांचा धडा : या स्पष्ट चित्रांमुळे १९५४ चा प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुन्हा उभा राहिला. १९९० मध्ये अमेरिकेतील स्कॉट बोडेन व सहकाऱ्यांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ स्वयंसेवकांची चित्रे ३७ रुग्णांच्या चित्रांत मिसळून तीन तज्ञांपुढे ठेवली. चित्र कोणाचे हे तज्ञांना माहीत नव्हते. स्वयंसेवकांपैकी १९ टक्क्यांत त्यांना महत्त्वाचा दोष आढळला. चाळिशीच्या आतील लोकांत हे प्रमाण १४ टक्के, तर त्यापुढील वयात २८ टक्के होते. जपानमध्ये मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४९७ निरोगी व्यक्तींची पाहणी केली. विशीतील पुरुषांपैकी १७ टक्के व स्त्रियांपैकी १२ टक्के, तर साठीपुढील पुरुषांपैकी ८६ टक्के व स्त्रियांपैकी ८९ टक्के यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. त्याच देशात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२११ निरोगी व्यक्तींच्या पाहणीत ८७·६ टक्के लोकांत चकतीचा फुगवटा, तर ५·३ टक्के लोकांत मेरुरज्जूवर दाब आढळला. केस पांढरे होणे हा जसा रोग नव्हे, तसेच चकतीचे सुकणे व थोडे फुगणे हेही बहुतेकांच्या बाबतीत वयाचे लक्षण असते.

तंत्रिकादाबाच्या स्वाभाविक गतीविषयीचे ज्ञानही याच काळात वाढले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९७६–९० या काळात नोंदलेल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास भारतीय तंत्रिकातज्ञ के. राधाकृष्णन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी २६ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती. अखेरच्या तपासणीच्या वेळी एकूण रुग्णांपैकी ९० टक्के लक्षणमुक्त किंवा अल्प त्रास असलेले होते. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ रुग्णांचे शस्त्रक्रिया, व्यायामोपचार व मानेचा पट्टा असे तीन गट केले होते. पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रियेने वेदना अधिक कमी झाली, पण वर्षअखेर तिन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. बाहेर आलेला चकतीचा तुकडा अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, हेही पुन्हा घेतलेल्या चित्रांवरून सिद्ध झाले.

बारामती व इंदापूर : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत आले व तेथे ऊस हे प्रमुख पीक झाले. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरची साखर वसाहत आणि १९५० नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखाने उभे राहिले. या अर्थव्यवस्थेत मानेवरील भार हा रोजचा आहे. हंगामात मराठवाडा व इतर भागांतून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. तोडलेला ऊस मोळी बांधून डोक्यावर घेतला जातो व अरुंद फळीवरून चढून वाहनात टाकला जातो. बाजार समितीतील हमाल, विटांचे मजूर, डोक्यावरून पाणी व वैरण वाहणाऱ्या स्त्रिया यांचीही हीच स्थिती आहे.

डोक्यावरील ओझ्याचा परिणाम घाना देशात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अभ्यासला गेला. ओझे वाहणाऱ्यांत मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळली. म्हणून या तालुक्यांतील पन्नाशीच्या कष्टकरी स्त्री-पुरुषाच्या मानेचे चित्र निर्दोष असण्याची अपेक्षाच चुकीची ठरेल. त्यात झीज दिसणारच. आजची तक्रार त्या झिजेमुळे आहे काय, हा खरा प्रश्न असतो. याउलट, सततच्या श्रमामुळे ‘हात भरून येणे’, ‘पाय जड होणे’ या तक्रारी थकव्यावर घालण्याची सवय असते. त्यामुळे मेरुरज्जूवरील खरा दाब वर्षानुवर्षे लक्षात न येण्याचाही धोका आहे.

पूर्वी येथील अशा रुग्णास पुण्याच्या ससून रुग्णालयात (स्थापना १८६७) जावे लागे. बारामतीहून हे अंतर सु. १०० किमी. व इंदापूरहून त्याहून अधिक आहे. आता बारामतीतच हे प्रतिमादर्शन होते आणि २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये सर्व जिल्ह्यांत लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पृष्ठवंशाच्या काही शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येतात. सोय वाढल्यामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी परीक्षण आधी व चित्र क्वचित होत असे. आता पुष्कळदा चित्र आधी निघते, इंग्रजीतील अहवाल घरी येतो आणि ‘नस दबली’, ‘गादी सरकली’ या शब्दांनी कुटुंब हादरते. कोणी भीतीने शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढतो, तर कोणी भीतीनेच डॉक्टरांकडे पुन्हा जात नाही.

अहवालातील परिभाषा : अहवालात मणक्यांच्या पातळ्या सी-५–सी-६ अशा दर्शविलेल्या असतात, म्हणजे पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती. ही व तिच्याखालची पातळी सर्वाधिक झिजते. ‘लॉर्डोसिस कमी होणे’ म्हणजे मानेची स्वाभाविक कमान सरळ होणे. ते स्नायू आखडल्याने किंवा यंत्रात झोपण्याच्या स्थितीनेही दिसते. ‘डेसिकेशन’ म्हणजे चकती सुकणे व ‘ऑस्टिओफाइट’ म्हणजे कडेने वाढलेले हाड. चकतीचा पसरट फुगवटा तो ‘बल्ज’, विशिष्ट जागी पुढे आलेला भाग तो ‘प्रोट्रूजन’, आणि कडे फाटून बाहेर आलेला अधिक मोठा भाग ते ‘एक्स्ट्रूजन’. ‘थीकल सॅक इंडेंटेशन’ म्हणजे मेरुरज्जूभोवतीच्या द्रवाच्या पिशवीस स्पर्श. मेरुरज्जूस दाब नव्हे. ‘फोरामिनल नॅरोइंग’ म्हणजे तंत्रिकेचे छिद्र अरुंद होणे. ते ज्या बाजूस व पातळीवर आहे, त्याच बाजूच्या हातात त्या तंत्रिकेच्या क्षेत्रात तक्रार असेल तरच त्याला अर्थ येतो.

‘कॉर्ड कम्प्रेशन’ (मेरुरज्जूवर दाब), ‘कॉर्ड सिग्नल चेंज’ (मेरुरज्जूच्या आत पांढरी छटा) व ‘मायलोमलेशिया’ (मेरुरज्जूच्या ऊतकाचा ऱ्हास) हे शब्द मात्र निराळ्या महत्त्वाचे आहेत. ते असल्यास वेदना नसली तरी तंत्रिकातज्ञ किंवा पृष्ठवंश शल्यतज्ञ यांच्याकडून विनाविलंब परीक्षण करून घ्यावे लागते. मणक्याच्या हाडाचा नाश, पू साचणे किंवा अर्बुद यांचा उल्लेखही असाच तातडीचा होय. ताप, वजन घटणे व रात्री वाढणारी वेदना असल्यास क्षयाचा विचार प्रथम केला जातो.

शस्त्रक्रियेची आवश्यकता : केवळ मानदुखी व चित्रातील झीज एवढ्यावरून शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. एका हातातील तंत्रिकादाबात वेदनाशामके, ओझ्यापासून विश्रांती व व्यायामोपचार यांनी सु. सहा ते बारा आठवडे वाट पाहणे सुरक्षित असते. या काळात हाताची शक्ती घटत गेली, किंवा त्यानंतरही असह्य वेदना राहिली आणि चित्रातील दोष लक्षणांशी जुळला, तर शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

मेरुरज्जूच्या दाबात निकष वेगळा आहे. सदऱ्याच्या गुंड्या लावता न येणे, हातातून भांडे किंवा कोयता निसटणे, अक्षर बिघडणे, अंधारात किंवा बांधावरून चालताना तोल जाणे, मान पुढे झुकविली असता पाठीतून विजेसारखी सणक जाणे (लेर्मिट चिन्ह) ही त्याची चिन्हे होत. लघवी तुंबणे किंवा रोखता न येणे हे उशिराचे व गंभीर चिन्ह आहे. हात, पाय, स्पर्शज्ञान व लघवी यांचे गुणांकन करण्याची पद्धत जपानी अस्थिशल्य संघटनेने घालून दिली. तिच्या सुधारित रूपात निरोगी माणसास १८ गुण मिळतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार १२ ते १४ (मध्यम) व ११ किंवा कमी (तीव्र) गुण असल्यास शस्त्रक्रिया सुचविली जाते. १५ ते १७ (सौम्य) गुण असल्यास शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायामोपचार यांपैकी एक मार्ग निवडता येतो व प्रकृती ढासळल्यास शस्त्रक्रिया केली जाते. गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. पुढील हानी थांबविणे हा येथे मुख्य हेतू असतो. म्हणूनच विलंबाची किंमत मोठी असते.

शस्त्रक्रियेलाही मर्यादा आहेत. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ गिळताना त्रास होतो व आवाज बसतो. जंतुसंसर्ग, हाड न सांधणे आणि क्वचित मेरुरज्जूला इजा हे धोके संभवतात. दोन मणके सांधल्यावर शेजारच्या पातळीवर भार वाढतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७४ रुग्णांच्या अभ्यासात शेजारच्या पातळीचा त्रासदायक विकार दर वर्षी सरासरी २·९ टक्के रुग्णांत उद्भवल्याचे आढळले. डोक्यावर ओझे वाहून पोट भरणाऱ्याच्या बाबतीत पुढे कोणते काम करता येईल, याचा विचारही निर्णयाआधीच व्हावा लागतो.

उंचावरून किंवा वाहनावरून पडल्यानंतरची मानदुखी या सर्व विवेचनास अपवाद होय. तेथे मान न हलविता रुग्णालयात नेणे हाच पहिला उपचार असतो. मालिश वा झटका कदापि देऊ नये.

समालोचन : मानेच्या विकारांच्या इतिहासात चित्रणाच्या प्रत्येक नव्या साधनाने अधिक दाखविले, आणि दाखविलेल्यापैकी पुष्कळसे निरुपद्रवी असल्याचे निरोगी माणसांच्या पाहणीने नंतर सिद्ध केले. त्याचबरोबर, पूर्वी उपचारापलीकडचा मानलेला मेरुरज्जूचा दाब वेळीच ओळखून रुग्णास चालते ठेवण्याचे सामर्थ्यही याच साधनांनी दिले. गॉवर्झ यांच्या काळी परीक्षणाच्या आधारे चित्राची कल्पना करावी लागे. आज चित्र हाती असले तरी त्याचा अर्थ परीक्षणानेच लागतो. अहवाल हाती आलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न म्हणून तीनच उरतात : दाब तंत्रिकेवर आहे की मेरुरज्जूवर; चित्रातील जागा आणि माझी लक्षणे जुळतात काय; आणि काही आठवडे थांबल्यास काय गमवावे लागेल. हातपाय तपासल्यावर मिळालेल्या या प्रश्नांच्या उत्तरांवरच शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो.